उष्णतेची वाट आणि आपले छप्पर

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या संमेलनात विज्ञानावर काही बोलावे, मात्र ते आईबापांनाही समजेल असे असावे, अशी मला सूचना आहे. म्हणून मी उष्णता हा विषय घेतला आहे. बीड जिल्ह्यातील माणसाला उन्हाळ्याची ओळख करून द्यावी लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात. परंतु उन्हाने अंग भाजते हे कळणे वेगळे आणि ते ऊन कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत येते हे कळणे वेगळे. वाट कळली की तिच्यावर पहारा बसविता येतो. मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, आठवी-नववीच्या पुस्तकातील हा धडा केवळ परीक्षेसाठी नाही. तो आपल्या डोक्यावरच्या छपराचा धडा आहे.

उष्णता नेहमी अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते आणि जाण्याच्या तिच्या तीन रीती आहेत : वहन, अभिसरण आणि प्रारण. हे शब्द मुलांना तोंडपाठ असतात. त्यांचा अर्थ मात्र घरातील आईला अधिक ठाऊक असतो. ती परातीत भाकरी थापते आणि तव्यावर टाकते. तव्याचे लोखंड खालच्या जाळाने तापलेले असते. त्याचे कण शेजारच्या कणांना आपली धडपड देतात आणि उष्णता कणाकडून कणाकडे सरकत भाकरीत शिरते. हे वहन. मग ती भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी केली जाते. आता भाकरी कशालाही चिकटलेली नाही, निखारा वीतभर दूर आहे, तरी ती टम्म फुगते. निखाऱ्यातून निघणारे, डोळ्यांना न दिसणारे किरण सरळ येऊन तिला भाजतात. हे प्रारण. सूर्याची उष्णता कोट्यवधी मैलांची पोकळी ओलांडून येते ती याच रीतीने. आणि शेजारच्या वैलावर पाण्याचे भांडे असेल, तर त्यातील तळाचे पाणी तापून हलके होते, वर येते, वरचे गार पाणी खाली जाते. पदार्थ स्वतःच उष्णता घेऊन प्रवास करतो. हे अभिसरण.

लग्नाच्या देगेवर दम देताना झाकणावर निखारे का पसरतात, याचेही उत्तर येथेच आहे. तापलेली वाफ आणि हवा वर चढते, आपण होऊन खाली उतरत नाही. तेव्हा वरच्या थराला उष्णता द्यावयाची तर वरूनच द्यावी लागते. ती झाकणातून वहनाने आणि झाकणाच्या आतल्या बाजूने प्रारणाने भातावर उतरते. आपल्या बावर्ची मंडळींनी भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडले नसेल, पण नियम त्यांच्या हातात आहे.

आता पदार्थांकडे येऊ. सर्व पदार्थांतून उष्णता सारख्याच वेगाने जात नाही. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी अल्बेरुनीने निरनिराळे धातू आणि रत्ने मोजून प्रत्येकाचे आकारमानाच्या मानाने वजन किती, याच्या नोंदी केल्या. प्रत्येक पदार्थाचा एक स्वतःचा आकडा असतो, ही दृष्टी त्यामागे होती. उष्णतेच्या वहनाचाही असा आकडा असतो. आपण स्थिर हवेचा आकडा १ धरू. मग लाकडाचा आकडा ५ ते ६ येतो, भाजक्या विटेचा २५ ते ३०, काँक्रीटचा ६० च्या आसपास, लोखंडाचा २ ते ३ हजार, ॲल्युमिनिअमचा सुमारे ९ हजार आणि तांब्याचा सुमारे १६ हजार! म्हणून तांब्याची देग सगळीकडून सारखी तापते, आणि म्हणूनच कढईच्या दांड्याला लाकूड बसवितात.

या यादीत सर्वांत खाली हवा आहे, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. अट एकच, ती कोंडलेली आणि स्थिर असली पाहिजे. मोकळी सुटली की अभिसरण सुरू होते आणि तीच हवा उष्णतेची वाहतूक करू लागते. ही कोंडलेली हवा विकण्याचा धंदा आपल्या समाजातील एका बिरादरीने पिढ्यानपिढ्या केला आहे. मी पिंजारी, नद्दाफ बांधवांविषयी बोलतो आहे. आपण म्हणतो, रजई गरम आहे. वास्तविक रजईत उष्णता मुळीच नसते; ती आपल्याच अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. चार-पाच हिवाळ्यांनी कापूस दबून त्याचे गोळे होतात आणि रजई थंड पडते. कापूस तोच, वजन तेच. मग काय कमी झाले? हवा कमी झाली. पिंजारी येतो, पिंजणीच्या तातीवर तो कापूस उडवितो, तंतू न् तंतू मोकळा करतो आणि तंतूंच्या मध्ये पुन्हा हवा भरून देतो. गावोगाव हिंडून तो जी मजुरी घेत असे ती हवा कोंडण्याची होती, असे म्हटले तर चुकणार नाही. यंत्रे आल्यावर हा धंदा बसत गेला, परंतु आज बर्फाच्या पेटीत आणि शीतगृहाच्या भिंतीत जो फोम घालतात त्याचे तत्त्वही कोंडलेल्या वायूचेच आहे.

किती उष्णता जाते हा एक प्रश्न झाला. ती किती वेळाने पोचते, हा दुसरा. याचे गणित फूरिये नावाच्या फ्रेंच विद्वानाने मांडले. तो १७९८ मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर मिसरला गेला होता आणि कैरो येथे स्थापन झालेल्या संस्थेचा चिटणीस होता. पुढे १८२२ मध्ये त्याचा उष्णतेवरील प्रसिद्ध ग्रंथ छापला गेला. जमिनीवर पडणारी दिवसाची आणि वर्षाची उष्णता लाटेसारखी खाली उतरते, जितकी खोल जाईल तितकी मंदावते आणि तितकी उशिरा पोचते, हे त्याने गणिताने दाखविले. दिवसाची लाट दोन-अडीच फुटांतच विरून जाते. वर्षाची लाट पंचवीस-तीस फुटांपर्यंत पुरते. त्याखाली बारा महिने जवळजवळ एकच तापमान असते, साधारणपणे वर्षभराच्या सरासरीइतके.

याचा पुरावा पाहावयाला पॅरिसला जाण्याची जरूर नाही. निजामशाहीच्या काळी सलाबतखानाने बांधविलेली खजाना बावडी आपल्या बीड शहराजवळच आहे. अशा खोल विहिरीचे पाणी मे महिन्यात गार लागते आणि डिसेंबरच्या पहाटे त्याला कोमटपणा वाटतो. पाणी बहुतेक तेच असते. बदललेले असतो आपण आणि आपल्या भोवतीची हवा. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पाणचक्कीत तर छपरावरच पाणी आहे : वरच्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत. पाण्याला एक अंश तापविण्यासाठी तितक्याच वजनाच्या दगडाच्या जवळजवळ पाचपट उष्णता लागते. तेव्हा दुपारचे सारे ऊन वरचे पाणीच पिऊन टाकते आणि खाली गारवा राहतो.

आपल्या वाडवडिलांची माळवदाची घरे याच तत्त्वावर उभी होती. दीड-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा फांद्या, पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. अशा भिंतीतून आणि माळवदातून दुपारची उष्णता आत पोचावयाला दहा-बारा तास लागतात आणि पोचते तेव्हा तिचा जोर पुष्कळसा ओसरलेला असतो. तोवर रात्र झालेली असते. भर दुपारी अशा घराचा उंबरठा ओलांडला की डोळ्यांवर गारवा यावा, त्याचे कारण हे.

मग आपण त्या घरांकडे परत जावे काय? नाही, असेच मी म्हणेन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसे दगावली. त्यांतील असंख्य माणसे मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि मातीची जड माळवदे यांच्याखाली झोपेतच गाडली गेली. जी जाडी उन्हापासून वाचवीत होती तीच त्या रात्री जिवावर उठली. त्यानंतर आपल्या भागातील लोकांनी दगड-मातीच्या घरांचा धसका घेतला आणि ज्याला स्लॅब परवडला त्याने स्लॅब टाकला, ज्याला परवडला नाही त्याने पत्रे घातले. भूकंपाच्या दृष्टीने हलके छप्पर चांगलेच. परंतु उन्हाच्या दृष्टीने आपण एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेलो आणि या नव्या छपराखाली राहावे कसे, हे कोणी शिकविले नाही.

पत्र्याखाली काय घडते ते पाहू. निरभ्र दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर सूर्य सुमारे एक हजार वॉट इतकी उष्णता टाकतो. दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीच्या छपरावर म्हणजे सुमारे नऊ हजार वॉट. हजार वॉटच्या नऊ इस्त्र्या एकाच वेळी चालू करून छपरावर ठेवल्या असे समजा. यातील काही भाग परावर्तित होतो, काही वारा नेतो. उरलेल्यावर पत्रा साठ अंशांच्या वर तापतो. लोक म्हणतात, लोखंड आहे म्हणून तापते. हे अर्धेच खरे आहे. सिमेंटचा पत्रा लोखंडापेक्षा कितीतरी मंद वाहक आहे, तरी त्याखालीही जीव नकोसा होतो. खरे कारण पातळपणा हे आहे. अर्ध्या मिलिमीटरचा लोखंडी पत्रा काय किंवा सहा मिलिमीटरचा सिमेंटचा काय, उष्णता अडविण्याइतकी जाडी आणि साठविण्याइतके वजन दोन्हींत नाही. वरून तापला की मिनिटांत आतून तापतो, आणि मग तो निखाऱ्यासारखा खालच्या माणसांवर प्रारण सुरू करतो. भाकरी निखाऱ्यासमोर भाजते तशी आपली मुले पत्र्यासमोर भाजतात. पंखा लावला तर तो गरम हवा हलवितो. प्रारणाचे किरण पंख्याला जुमानीत नाहीत.

स्लॅबचे दुखणे निराळे आहे. चार-पाच इंचांचा स्लॅब दुपारचे ऊन साठवून घेतो आणि तीन-चार तासांनी आत सोडू लागतो. म्हणून स्लॅबची खोली सायंकाळी अधिक तापते आणि मध्यरात्रीपर्यंत गार होत नाही. पत्रा दिवसा छळतो, स्लॅब रात्री.

याची झळ कोणाला लागते? पुरुष मंडळी पारावर, मशिदीच्या आवारात किंवा लिंबाखाली जाऊन बसू शकतात. पत्र्याखाली राहतात त्या स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया, तान्ही मुले, आजारी म्हातारी माणसे आणि परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली. पत्र्याच्या वर्गखोलीत दुपारच्या तासाला मुलाच्या डोळ्यांवर झापड आली, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी गुरुजनांनी एकदा वर पाहावे, अशी माझी विनंती आहे. आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात आणि पाचटाच्या कोपीत राहतात. पाचट ही वास्तविक हवा कोंडणारी चांगली वस्तू; पण ठिणगी पडली तर क्षणात पेटते. तीच माणसे हंगाम संपवून गावी येतात ती ऐन उन्हाळ्यात, पत्र्याच्या घरात. त्यांची मुले तेथून आपल्या शाळेत येतात.

उपाय काय? छपरावर पाणी मारल्याने गारवा येतो, कारण पाण्याची वाफ होताना पुष्कळ उष्णता शोषली जाते. परंतु जेथे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हा उपाय सांगण्यास जीभ रेटत नाही. म्हणून बिनपाण्याचे तीन उपाय सांगतो.

पहिला उपाय चुना. स्कॉटलंडमधील लेस्ली याने १८०४ मध्ये एक सोपा प्रयोग प्रसिद्ध केला. धातूच्या चौकोनी डब्यात गरम पाणी भरले आणि डब्याच्या बाजू निरनिराळ्या ठेवल्या : एक चकचकीत, एक काळी इत्यादी. पाणी एकच, तरी काळ्या बाजूकडून उष्णता भरपूर बाहेर पडे आणि चकचकीत बाजूकडून फार थोडी. म्हणजे चकाकणारा धातू उष्णता सहजासहजी सोडीत नाही. नवा पत्रा चकाकतो म्हणून तो ऊन परतवितो असे आपल्याला वाटते; परंतु जेवढे ऊन तो घेतो तेवढे धरून बसतो, आणि दोन-तीन वर्षांत गंजून, मळून परतविण्याचेही विसरतो. ताजा पांढरा चुना सुमारे तीन-चतुर्थांश ऊन परत पाठवितो आणि उरलेली उष्णता किरणांच्या रूपाने आकाशाकडे झपाट्याने सोडूनही देतो. डोळ्यांना पांढरा दिसणारा चुना या अदृश्य किरणांच्या बाबतीत काळ्याप्रमाणेच वागतो, हा निसर्गाचा मोठा उपकार आहे.

येथे एक खबरदारी सांगितली पाहिजे. चुना वरच्या बाजूला द्यावयाचा, आतल्या बाजूला नव्हे. आतून चुना दिला किंवा चुलीच्या काजळीने पत्रा आतून काळा झाला, तर तो खालच्या माणसांवर अधिकच प्रारण करतो. काजळी पुसून काढावी. धूर बाहेर जाण्याची सोय करावी. चुना चांगला विरवून, गाळून, त्यात थोडा डिंक किंवा सुताराचा गोंद मिसळून होळीच्या सुमारास दोन हात द्यावे. डोळे सांभाळावे, कारण चुना डोळ्यांत गेला तर इजा होते. पत्र्यावर पाय देताना खिळ्यांच्या ओळीवर, म्हणजे खालच्या आडव्या आधारावर द्यावा. पावसात चुना धुऊन जातो, पण तोवर उन्हाळा सरलेला असतो.

दुसरा उपाय कोंडलेल्या हवेचा. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या चटईचे, पुठ्ठ्याचे किंवा जाड कापडाचे छत बांधावे. आता पत्र्याचे किरण माणसांवर न पडता त्या छतावर पडतात, आणि मधली हवा रजईचे काम करते. चूल असलेल्या खोलीत मात्र पेट घेणारे छत बांधू नये. भिंतीत वरच्या अंगाला, पत्र्याला लागून, समोरासमोर झरोके ठेवावेत, म्हणजे वर चढलेली गरम हवा निघून जाईल. स्लॅब असेल तर वर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी करावी. तोही चुन्याचाच टिकाऊ अवतार आहे.

तिसरा उपाय सावलीचा. पश्चिमेच्या भिंतीला सायंकाळचे तिरपे ऊन सरळ लागते. त्या बाजूला लिंबाचे झाड असेल तर ऊन भिंतीपर्यंत येतच नाही.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. अहमदाबाद शहराने २०१० च्या उन्हाळ्यातील भीषण लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णतेविरुद्ध कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. आपला जिल्हा १९५६ पर्यंत त्या मंडळींबरोबर एकाच हैदराबाद राज्यात होता. ऊन सारखेच, पत्रेही सारखेच. जे तेथे होते ते येथे का होऊ नये?

परंतु माझ्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवू नये. ज्या कैरोत फूरिये राहिला, त्याच कैरोत त्याच्या आधी सुमारे साडेसातशे वर्षे बसऱ्याचे इब्न अल-हैसम राहत होते. प्रकाशावरील त्यांचा ग्रंथ जगात गाजला. थोरांनी म्हटले म्हणून मान्य न करता प्रयोगाने पडताळून पाहावे, ही त्यांची शिकवण. तीच आपण अमलात आणू. शाळेतील सारख्या मापाच्या, सारख्या तोंडाच्या दोन पत्र्याच्या खोल्या निवडाव्यात. एकीच्या छपरावर चुना द्यावा, दुसरी तशीच ठेवावी. दोन्हींत सारख्या उंचीवर एकेक तापमापक टांगावा. मुला-मुलींच्या जोड्यांनी सकाळी आठ, दुपारी दोन आणि सायंकाळी पाच वाजता आकडे वहीत उतरवावेत. आकडा जसा दिसेल तसाच लिहावा. आपल्याला हवा तसा नव्हे. महिनाभरानंतरचा तक्ता पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावा. चुन्याच्या दोन पिशव्या, दोन तापमापक आणि एक वही, एवढाच खर्च आहे. फरक दिसला तर उरलेल्या खोल्यांना आणि नंतर मुलांच्या घरांना चुना लागेल. फरक दिसला नाही, तर तो का दिसला नाही हे मुले शोधतील, आणि तेही विज्ञानच होय.

पदाधिकारी मंडळी नव्या वर्गखोल्यांचा विचार करीत असतील, तर छपराचा विचार भिंतींच्या आधी करावा, एवढी विनंती करतो. देणगीदारांच्या नावाची पाटी दारावर लागते, ते योग्यच आहे; पण मुलांना दुपारी आठवतो तो ज्याने छप्पर विचार करून घातले तो.